पहिलं वर्ष झालं, आता मोठ्या विद्यापीठात ट्रान्सफर मिळेल का?

विचारणा थोडक्यात अशी. मुलगा नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. मागच्या वर्षी बारावी झाली, जेईई मेनमध्ये थोडक्यात व्हीएनआयटी (नागपूरचं एनआयटी) हुकलं. आता पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाले, सीजीपीए ८.९ आहे. या गुणांवर व्हीएनआयटीत किंवा पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला ट्रान्सफर मिळेल का, हा त्याचा प्रश्न. न्यू जर्सीतला मावसभाऊ म्हणतो की अमेरिकेत ट्रान्सफर घे. वडील बेसाचा प्लॉट विकायला तयार आहेत.

कॉलेजच्या शैक्षणिक विभागात समकक्षतेच्या, म्हणजे एकीकडचे विषय दुसरीकडच्या तोडीचे आहेत का हे तपासण्याच्या, फायली पाहण्यात माझी बरीच नोकरी गेली आणि आता असेच प्रश्न घेऊन मुलं-पालक घरी येतात. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी सरळ उत्तर. व्हीएनआयटी आणि सीओईपी, दोन्हींसाठी: नाही. आपल्याकडे वरच्या संस्थेत ‘सरकता’ येत नाही, पुन्हा पहिल्या पायरीवरून शिरावं लागतं. तू पहिल्या वर्षाला ८.९ मिळवलेस की ९.९, त्या आकड्याला व्हीएनआयटीच्या दारात किंमत नाही. तिथे किंमत आहे प्रवेश परीक्षेतल्या रँकची. अमेरिकेत उलट आहे. तिथे तुझी जेईई कुणी विचारणार नाही, पण पहिल्या वर्षाचा प्रत्येक ग्रेड उलटून पाहतील. ज्याला दोन्हीकडे एकाच वेळी हात मारायचा असतो, त्याच्या जेईईचंही नुकसान होतं आणि सीजीपीएचंही. म्हणून कोणत्या दाराला कोणती किल्ली लागते हे आधी समजून घे.

व्हीएनआयटीचा हिशेब मांडू. तिथल्या बी.टेक.च्या जागा जोसाच्या (आयआयटी-एनआयटींच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्यांतून, जेईई मेनच्या रँकवर भरतात. निम्म्या जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात, हा आपला फायदा. पण बाहेरच्या कॉलेजातून दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश अशी वाटच नाही. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग ३ वर्षे देता येते. तुझं बारावीचं वर्ष गेलं, पहिल्या वर्षाला असतानाची संधीही गेली. उरली येत्या जानेवारी-एप्रिलची. ती दिलीस, रँक आली, तरी प्रवेश मिळेल पुढच्या जुलैत आणि तोही पहिल्या वर्षाला. म्हणजे तुझे इथले सोबती तिसऱ्या वर्षात जातील तेव्हा तू पुन्हा इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट चिकटवत बसशील. जेईई अॅडव्हान्स्ड तर बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी, एवढीच असते. त्यामुळे आयआयटीचा विचार बी.टेक.साठी संपला. शिवाय बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ६५) किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असण्याची अट आहेच.

२ वर्षे देऊन व्हीएनआयटी घ्यावं का? माझं मत विचारशील तर नाही. पहिल्या वर्षात असतानाच चोरून-लपून जेईईची तयारी करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं एक वर्ष जातं, तुझी दोन जातील. एक वर्ष देणं कधी कधी परवडतं, विशेषतः सध्याची शाखाच नकोशी असेल तर. तुझी शाखा कॉम्प्युटर आहे, ती तुला आवडते असंही तूच लिहिलं आहेस. मग फक्त पाटी बदलण्यासाठी २ वर्षे कशाला?

सीओईपी २०२२ पासून स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तिथे पहिल्या वर्षाचा प्रवेश एमएचटी-सीईटी किंवा जेईईच्या गुणांवर, राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून. सीईटी पुन्हा देता येते, पण पुन्हा पहिलंच वर्ष. मग ‘थेट द्वितीय वर्ष’ म्हणतात ते काय? अनेक पालक त्या शब्दांवर आशा लावून बसतात. ती प्रक्रिया प्रामुख्याने पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेल्या मुलांसाठी आहे, बी.एस्सी. झालेल्यांनाही त्यात वाव आहे. पदवीच्या पहिल्या वर्षात शिकणारा मुलगा त्या गुणवत्ता यादीत बसत नाही.

आता खरंच ज्याला ‘कॉलेज बदल’ म्हणतात त्याबद्दल. एका खासगी कॉलेजातून दुसऱ्यात, तिसऱ्या सेमिस्टरला, असं जाता येतं. त्याला दुसरीकडे त्याच शाखेत रिकामी जागा लागते, दोन्ही कॉलेजांची ना-हरकत लागते, विद्यापीठाची मान्यता लागते आणि अभ्यासक्रमाची समकक्षता तपासावी लागते. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र वेगळं. मागे विषय राहिला असेल, बॅक असेल, तर फाईल बहुतेक तिथेच अडते.

एक बदल अजून अनेकांच्या लक्षात आलेला नाही. पूर्वी नागपुरातली बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं तुकडोजी महाराज विद्यापीठाच्या छत्राखाली होती, त्यामुळे गावातल्या गावात कॉलेज बदलणं तुलनेनं सोपं होतं. आता एलआयटी हे कॉलेज २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं, काटोल रोडवरचं रामदेवबाबा कॉलेज २०२४ मध्ये झालं, आणि बाकी मोठी कॉलेजं स्वायत्त आहेत. म्हणजे हिंगणा रोडवरून काटोल रोडवर जायचं तरी कागदावर तू एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जातोस. स्वायत्त कॉलेजांचे विषयही एकमेकांशी जुळत नाहीत. इकडे ‘डिस्क्रीट मॅथ्स’ तिसऱ्या सेमिस्टरला, तिकडे दुसऱ्याच सेमिस्टरला होऊन गेलेलं. मग ते पेपर जादा द्यायचे, चालू विषय सांभाळून. एवढा खटाटोप करून मुलगा ज्या कॉलेजात जातो ते आधीच्यापेक्षा खूप वरचं असतं असंही नाही, कारण वरच्या कॉलेजात कॉम्प्युटरची जागा दुसऱ्या वर्षाला रिकामी राहतेच कशाला? घराजवळ यायचं आहे, फी झेपत नाही, अशा कारणांसाठी हा मार्ग ठीक. नावासाठी नको.

‘पण सर, आता अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो. आहे. यूजीसीचे त्याबाबतचे नियम २०२१ मध्ये आले, तुझे क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे भारांक, त्या खात्यात जमा होतात आणि जास्तीत जास्त ७ वर्षे धरले जातात. शिक्षण मध्येच सोडून परत आलेल्यांसाठी ते उपयोगी आहे. पण खात्यात पैसे आहेत म्हणून शेजारी आपलं घर विकायला काढतोच असं नाही. क्रेडिट तुझ्याजवळ आहेत, जागा द्यायची की नाही हे समोरची संस्था ठरवते, आणि वरच्या संस्था ते प्रवेश परीक्षेवरच ठरवतात.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.वाल्यांचं थोडं वेगळं, तुझ्यासोबत तुझी बहीणही वाचत असेल म्हणून सांगतो. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी असेल तर मायग्रेशन आणि समकक्षतेवर प्रवेश मिळू शकतो. जून-जुलैत स्वतः जाऊन चौकशी करावी लागते, फोनवर कुणी धड सांगत नाही. केंद्रीय विद्यापीठ हवं असेल तर २०२२ पासून सीयूईटी आहे, ती पुन्हा देऊन पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. तीन वर्षांच्या पदवीत एक वर्ष जाणं इंजिनिअरिंगपेक्षा कमी जड वाटतं, म्हणून ती मुलं हा मार्ग घेताना दिसतात. बी.एस्सी.वाल्यांनी मात्र आयआयटी जॅम या प्रवेश परीक्षेकडे नजर ठेवावी. तीन वर्षांनी एम.एस्सी.ला थेट आयआयटी, हा सौदा मला जास्त आवडतो.

आता अमेरिका. मावसभाऊ खोटं बोलत नाही. तिथे ट्रान्सफर ही रोजची गोष्ट आहे, हजारो मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला विद्यापीठ बदलतात. पण त्यातही थर आहेत. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी ट्रान्सफरसाठी आलेल्या शंभरातल्या एक-दोघांनाच घेतात. प्रिन्स्टननं तर १९९० पासून ट्रान्सफर बंदच ठेवली होती, २०१८ मध्ये पुन्हा सुरू केली आणि त्यातही कम्युनिटी कॉलेजची (तिथली दोन वर्षांची स्थानिक सरकारी कॉलेजं) आणि सैन्यातून आलेली मुलं त्यांना आधी हवी असतात. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे, ट्रान्सफरच्या बऱ्याच मुलांना घेतात, पण प्राधान्य त्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांना. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात २ वर्षे काढणाऱ्याला, परदेशी असला तरी, ठरलेले विषय आणि गुण असतील तर सहा कॅम्पसपैकी एकात हमीचा प्रवेश मिळण्याची योजना आहे. डेव्हिस, अर्वाइन, सांता बार्बरा त्यात येतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो येत नाहीत. नागपूरहून थेट जाणाऱ्याला जास्त शक्यता कुठे? पर्ड्यू, ओहायो स्टेट, अॅरिझोना स्टेट अशा मोठ्या सरकारी विद्यापीठांत. तिथेही कॉम्प्युटर सायन्सला इतर शाखांपेक्षा दार अरुंद असतं.

इंग्लंडबद्दल एका वाक्यात: यूकॅसच्या, म्हणजे तिथल्या एकत्रित प्रवेश यंत्रणेच्या, अर्जात दुसऱ्या वर्षाचा प्रवेश मागता येतो, काही विद्यापीठं देतात, ऑक्सफर्ड ट्रान्सफर घेतच नाही.

अमेरिकेच्या अर्जाचं वेळापत्रक असं की सप्टेंबरच्या प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी १ मार्च किंवा १५ मार्चची मुदत, कॅलिफोर्नियाची त्याआधी नोव्हेंबरअखेर. म्हणजे तू आत्ता ठरवलंस तर दुसरं वर्ष इथेच होईल आणि तू तिथे तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी अर्ज करशील. पण ‘तिसऱ्या वर्षाला’ हे शब्द फसवे आहेत. तिथली पदवी साधारण १२० क्रेडिटची. त्यातले निम्मे तरी त्यांच्याकडेच करावेत असा बहुतेकांचा आग्रह असतो. कॉर्नेलचा तसा नियमच आहे. आणि आपले किती क्रेडिट धरायचे हे प्रवेश मिळाल्यावर, कधी कधी तिथे पोहोचल्यावर, विभाग ठरवतो. गणित, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग बहुधा धरतात. आपलं ‘कम्युनिकेशन स्किल्स’ त्यांच्या निबंधलेखनाच्या विषयाच्या जागी क्वचित बसतं. वर्कशॉप प्रॅक्टिस आणि ‘पर्यावरण अभ्यास’ यांचं काय करायचं हे त्यांना कळत नाही. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, कला असे सामान्य शिक्षणाचे विषय आपल्याकडे झालेलेच नसतात. म्हणून २ वर्षे करून गेलेल्या मुलाला तिथे पुढे अडीच-तीन वर्षे लागणं हे नेहमीचं आहे. हिशेब तोच धर.

कागदपत्रांत मुलं जिथे अडकतात ते सांगतो. अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत हवी: प्रत्येक विषयाचे तास, प्रात्यक्षिकं, पुस्तकं यांसह, विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याची. ती आजच घेऊन ठेव. अभ्यासक्रम बदलला की जुनी प्रत शोधायला कुणाला वेळ नसतो. गुणपत्रिकेचं ट्रान्सक्रिप्ट परीक्षा विभागातून निघायला काही आठवडे जातात, फेब्रुवारीत अर्ज करून मार्चची मुदत गाठता येत नाही. कॉमन अॅपमध्ये, म्हणजे अनेक अमेरिकन विद्यापीठांच्या सामाईक ऑनलाइन अर्जात, ‘मिडटर्म रिपोर्ट’ नावाचा फॉर्म असतो, चालू सेमिस्टरचे अर्ध्यातले गुण त्यात शिक्षकांनी भरायचे असतात. आपल्याकडे अर्ध्यात ग्रेड मिळत नाही, त्यामुळे मुलं तो रिकामा सोडतात. रिकामा सोडू नकोस. सेशनलचे गुण, किती पैकी किती, असे शिक्षकांकडून लिहून घे. सीजीपीए ४ च्या प्रमाणात स्वतः बदलू नकोस, १० पैकी ८.९ असंच लिही. बदलायचं काम त्यांचं किंवा डब्ल्यूईएससारख्या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचं.

शिफारसपत्राचं आपल्याकडे एक वाईट वळण पडलं आहे: ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ असं पत्र वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदात कळतं, कारण त्याची भाषा आणि तुझ्या निबंधाची भाषा एकच असते. ७० जणांच्या वर्गात तुला नावानं ओळखणारे एक-दोन शिक्षक असतील, त्यांच्याशी आत्तापासून काम कर: छोटा प्रकल्प, प्रयोगशाळेतली मदत, काहीही. मग त्यांना लिहायला काही तरी असेल.

आणि निबंध. ‘माझं कॉलेज माझ्या पात्रतेचं नाही’ असा सूर लावलेले अर्ज पडतात. निवड करणारा प्राध्यापक विचारतो की या मुलानं इथे काय केलं आणि ज्याची त्याला गरज आहे ते आमच्याकडेच का मिळेल. ‘मला संगणकीय दृष्टीवर काम करायचंय, आमच्याकडे दुसऱ्या वर्षापर्यंत त्याचा विषय नाही, मी स्वतः संत्र्याच्या प्रतवारीचा एक प्रोग्रॅम लिहिला, तो अमुक ठिकाणी अडला’ असं ठोस काही असेल तर पुढे वाचतात.

पैशांचं टाळून चालणार नाही. मोठ्या सरकारी विद्यापीठात परदेशी मुलाला शिक्षण आणि राहणं मिळून वर्षाला ५० ते ६० हजार डॉलर धर, म्हणजे ४० लाखांच्या वर. खासगी विद्यापीठं त्याहून महाग. परदेशी ट्रान्सफर मुलांना आर्थिक मदत फार कमी ठिकाणी मिळते, पहिल्या वर्षाला जाणाऱ्यांपेक्षाही कमी. अडीच-तीन वर्षांची बेरीज तूच कर आणि बाबांच्या समोर बसून कर. बेसाचा प्लॉट किती वर्षं पुरेल ते त्या कागदावर दिसेल. आपल्याकडची सरकारी शिष्यवृत्तीही बघ: केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती मास्टर्स आणि पीएच.डी.साठी आहे, पदवीच्या मधल्या वर्षांसाठी नाही. सध्या महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर फीची सवलत घेत असशील तर कोणताही बदल करण्याआधी शिष्यवृत्ती विभागात विचार. प्रवेश बदलला की ती सवलत आपोआप सोबत येते असं समजू नकोस.

मग मी तुला काय करायला सांगेन? इथेच पदवी पूर्ण कर आणि वरच्या विद्यापीठात जा ते मास्टर्सला. हे समजूत घालायला म्हणत नाही. मास्टर्सच्या प्रवेशात तुझं सध्याचं कॉलेज अडथळा ठरत नाही आणि सीजीपीए तुझ्या बाजूनं बोलतो. गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते, गुण ३ वर्षे चालतात, आयआयटी आणि एनआयटीत एम.टेक.ला गेटवर प्रवेश मिळालेल्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. परदेशी एम.एस. केलंस तर दीड-दोन वर्षांचा खर्च, ट्रान्सफरपेक्षा कमी, आणि शेवटी हातात त्याच विद्यापीठाची मोठी पदवी. शिवाय कर्ज देणारी बँक बी.टेक. झालेल्या मुलाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहते.

ट्रान्सफरला हो म्हणावं अशी परिस्थिती मला दोनच ठिकाणी दिसते. एक, घरी पैशांची चणचण नाही आणि मुलाला खरंच दुसराच विषय शिकायचा आहे, जो आपल्या चौकटीत बसत नाही. दोन, आई-वडील तिकडेच राहायला चाललेत. तू या दोन्हींत नाहीस.

दरम्यान हिंगण्यात बसून काय करायचं, हा खरा प्रश्न. नागपुरात संशोधन संस्था इतक्या आहेत आणि आपली मुलं तिथे पाऊल ठेवत नाहीत. पर्यावरणावर काम करणारी नीरी आहे, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, कापसाची आहे, वाडीत अॅल्युमिनियमची आहे. राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, एमआरसॅक, तर व्हीएनआयटीच्याच आवारात आहे. उपग्रहाच्या प्रतिमांवर काम करणाऱ्यांना प्रोग्रॅमिंग येणारा मुलगा नको असतो असं नाही. शिक्षकांचं पत्र घेऊन उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी विचारायचं. नाही म्हणतील काही जण, काहून खचायचं? दुसरीकडे विचारायचं. भारतीय विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिपही आहे, तिचे अर्ज हिवाळ्यात निघतात. आणि मोठ्या संस्थेचं नाव हवंच असेल तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बी.एस. पदवी २०२० पासून ऑनलाइन आहे, जेईईशिवाय, त्यांची पात्रता फेरी पार करून. दोन पदव्या एका वेळी करायला यूजीसीनं २०२२ मध्ये परवानगी दिली आहे, त्यातली एक ऑनलाइन असेल तर वर्गाच्या वेळा आड येत नाहीत. पण ती सोपी नाही. दर आठवड्याच्या असाइनमेंट आणि केंद्रावर जाऊन परीक्षा असतात, तिसऱ्या सेमिस्टरसोबत झेपतील का ते आधी पाहा.

एवढं सांगूनही जेईई किंवा सीईटी पुन्हा द्यायचीच असं ठरवलंस तर एक गोष्ट पाळ. नवीन जागा पक्की झाल्याशिवाय इथला प्रवेश रद्द करू नकोस, टीसी काढू नकोस. काही कॉलेजं जाणाऱ्या मुलाकडून पुढच्या वर्षांचीही फी मागतात, मूळ कागद अडवून धरतात. एआयसीटीईच्या नियमानुसार पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही, आणि यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेता येत नाहीत. त्याच अधिसूचनेत चालू वर्षाच्या फीच्या परताव्याचं कोष्टक आहे: प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी सोडलंस तर पूर्ण, त्यानंतर ९०, ८०, ५० टक्के असं उतरत जातं आणि तारीख उलटून महिना झाला की शून्य. म्हणून अर्ज तोंडी करू नकोस. लेखी दे, आवक क्रमांक घालून घे, पोच घे. कागद अडवले तर कॉलेजच्या तक्रार निवारण समितीकडे, तिथे झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे. दोन्हींकडे पहिल्यांदा विचारतात ती ही पोचच.